देवानं उतरवलेलं विमान

आमचा भाई कानानं कमी आणि हाताच्या तळव्यानं जास्त ऐकायचा. रजेवर घरी आला की पिठाच्या गिरणीची भिंत, बसचं बॉनेट, विहिरीवरचा पंप, जे जे म्हणून थरथरतं त्याला आधी तळवा लावायचा, डोळे बारीक करायचा आणि मान हलवायचा. माझ्या लग्नाची बस निघताना त्यानं असाच हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही डिचोलीक पावची ना." शुभ वेळी अशुभ बोलतो म्हणून मामा-काका त्याच्या अंगावर धावले. बस अस्नोड्याच्या अलीकडच्या चढणीवर बसली, आणि नवरी मुलगी, म्हणजे मी, मुंडावळ्या सांभाळत रस्त्याकडेच्या दगडावर बसले. तेव्हापासून माझ्या सर्वणच्या सासरची माणसं त्याला जरा जपूनच असायची.

भाई म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. गावानं त्याचं नाव ठेवलं होतं विमानकार. आमचा गाव पेडण्यात, कोरगावाला लागून. नाव लिहीत नाही. मला त्या गावाचा राग आहे, तो काही लपवायचा नाही मला, पण मी त्या गावची माहेरवाशीण आहे. बाहेरच्यांनी त्याला हसावं हे मला अजूनही चालत नाही. हसायचं असेल तर मी हसेन, शिव्या द्यायच्या असतील तर मी देईन.

तर विमानकार. खरं म्हणजे तो विमान चालवत नव्हता, फौजेतलं मालवाहू हेलिकॉप्टर चालवत होता. पोटात जीप चढेल एवढं मोठं. आमच्या आईनं ते कधी जवळून पाहिलं नव्हतं तेव्हा तिला वाटायचं, लेक वर बसतो आणि खाली शहरं बघत जातो, किती मजेचं काम. भाई तिला सांगायचा, "आई, ती पेडण्याची बस आसा मगो, तशीच ती. हाडां खिळखिळी जातात. फक्त खड्डे दिसनात." पंजाबातून निघायचं, वाटेत चार ठिकाणी तेल भरायचं आणि खाली केरळाच्या टोकापर्यंत जायचं. कधी पुलाचे लोखंडी तुकडे, कधी पुरात अडकलेली माणसं, कधी बर्फातल्या ठाण्यांसाठी रॉकेल. तासन्‌तास तो आवाज आणि ती थरथर. त्यातच त्याचे कान गेले. घरी तो इतका मोठ्यानं बोलायचा की आई म्हणायची, "हळू उलय रे, शेजाऱ्यांक आमच्या घरचा जेवाण कळता."

लांबच्या उड्डाणाबद्दल त्याचा एकच नियम होता. नकाशावर तो अर्ध्या वाटेवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हेच्या अल्याड अक्कल, हेच्या पल्याड नशीब." शंका आली तर अर्ध्या वाटेच्या अलीकडे असतानाच परत फिरायचं किंवा खाली उतरायचं. पुढं गेलं की मग माणसाच्या हातात काही उरत नाही. त्याच्या तुकडीत म्हणे त्याला चिडवायचे, हा परत फिरण्यात पटाईत. त्याला त्याचं काही वाटत नसे. "मळब खंय पळून वता?" म्हणायचा. आकाश कुठं पळून जातंय, उद्या जाऊ. इतक्या वर्षांत त्यानं एकही माणूस गमावला नाही, आणि हे तो कधी स्वतःहून सांगत नसे. आम्हाला ते त्याच्या बरोबरीच्या सरदारजी इंजिनीअरानं सांगितलं. तो एकदा त्याच्याबरोबर रजेत आमच्याकडे येऊन राहिला होता आणि आईच्या हातच्या सोलकढीवर खूश झाला होता.

गावाला मात्र ह्या कशाचं काही नव्हतं. गावाला एकच हवं होतं, विमान गावात उतरलं पाहिजे. भाई रजेवर आला की पडवीत कदेलं, म्हणजे खुर्च्या, मांडल्या जायच्या, आमचे गावकार येऊन बसायचे. गावकार म्हणजे देवळाचे मानकरी, जत्रेचे कर्तेधर्ते, पांढरंशुभ्र धोतर, उंच आवाज. तरुणपणी मुंबईत नोकरी करून आलेले, त्यामुळे गावात शहाणे. ते सुरू करायचे, "काय विमानकारा, औंदा तरी विमान हाडतलस मा?" भाई हसून म्हणायचा, "गावकारांनू, ती सरकारची वस्तू. बैलगाडी न्हय, घरासमोर सोडूंक." गावकार मान डोलवायचे आणि जाताना आईला सांगायचे, "पोर शिकलो, पण गावाक विसारलो." आईचा चेहरा पडायचा. मला तेव्हापासून त्यांचं ते पांढरं धोतर बघवत नाही.

त्या वर्षांत गोव्यात भांडल्याशिवाय कुणाचं जेवण पचत नव्हतं. भाषा कुठली आणि राज्य कधी, ह्यावरून आमच्या सर्वणच्या घरात मी मराठीची मास्तरीण आणि दीर कोकणीवाले एकमेकांना भाकरी वाढत नव्हतो. भाई मध्येच म्हणाला, "वयल्यान बघल्यार सगळो गोंय एका ताटायेदो दिसता, आणि तुमी त्या ताटासाठी मारामारी करतात." दीर हसले, मी नाही हसले. मग राज्य झालं. गावोगाव कमानी लागल्या. शेजारच्या गावानं जत्रेला दशावतारी नाटकाच्या दोन कंपन्या आणल्या, आणि आमच्या गावकारांच्या पोटात दुखायला लागलं. दोन कंपन्यांना उत्तर म्हणून त्यांना एकच गोष्ट सुचली.

त्या वर्षी भाई चतुर्थीला येऊन गेला होता. जाताना आईला सहज बोलून गेला, "जत्रेच्या सुमाराक एक फेरी आसा दक्षिणेक. दर्याच्या कडेन वतलंय. वयर घरघर आयकलीस तर समज, तो मी." लेकानं आईला एवढंही सांगू नये का? आईनं ते विहिरीवर गावकारांच्या बायकोला सांगितलं. आईनं ते सांगू नये का? दोघांचंही काही चुकलं नाही, हे मी आजवर हजारदा स्वतःला सांगितलं आहे.

चार दिवसांत देवळात कौल लावला गेला. आमच्याकडे गावाचं कुठलंही काम रवळनाथाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या अंगावर पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. ह्या वर्षी गाऱ्हाणं घातलं ते असं, "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू वाऱ्यार फिरता, ताका ह्या जत्रेक आमच्या सड्यार उतरव रे म्हाराजा!" आणि सगळा गाव ओरडला, "होय म्हाराजा!" पाकळी उजवी पडली. आई घरी आली ती डोळे पुसतच. माझं माहेरपण जत्रेसाठी त्या आठवड्यात सुरू झालं होतं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

मी आईला म्हटलं, "त्याला कुणी विचारलं का?" आई म्हणाली, "देवाक विचारलां मगो."

गावाच्या वर जो कातळाचा सपाट माळ, म्हणजे सडा, आहे त्याच्या मधोमध पोरांनी चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं. कडेनं बांबू पुरले, बांबूंना पताका. बँडवाले ठरले, जत्रेच्या पत्रिकांत 'रवळनाथाच्या कौलानं विमान उतरणार' असं छापायला गेलं. पत्र्याच्या कमानीवर 'स्वागत' लिहिलं. रोज सकाळी बायका आरतीची ताटं घेऊन सड्यावर जायच्या आणि ऊन चढलं की परत यायच्या. मी त्या पताका बघून म्हटलं होतं, "अहो, त्या पंख्याच्या वाऱ्यानं हे बांबू लोकांच्या डोक्यात बसतील." गावकार म्हणाले, "देव बघतलो." देवावर इतकं काम टाकणारा गाव मी दुसरा पाहिला नाही.

आणि खरंच तो आला. आधी ताटल्या वाजाव्यात तशी खिडकीची तावदानं वाजली, मग तो जड आवाज समुद्राच्या बाजूनं वाढत आला. सगळे सड्याकडे धावले. मी आईचा हात धरून वर पोहोचले तोवर ते धूड डोक्यावर आलं होतं. एक मोठी फेरी घेतली त्यानं. चुन्याच्या वर्तुळाकडे तो फिरकलाही नाही. सड्याच्या दुसऱ्या टोकाला, काजूच्या झाडांच्या अलीकडे जो मोकळा कातळ होता, तिथं उतरला. का, ते उघड होतं. वर्तुळाभोवती बांबू होते, माणसं होती. पताका आणि कमानीचा पत्रा वाऱ्यानं उडाला आणि लाल धुळीत कुणालाच काही दिसेना. त्या धुळीतसुद्धा बँड वाजतच होता.

भाई उतरला तो हसत नव्हता. "फाटीं सरात! लागीं येव नकात!" असं ओरडतच आला. त्याच्यामागून सरदारजी उतरले आणि शिडी लावून वर चढले. गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कीस आल्याचा दिवा लागला होता. भाईनं मला नंतर सांगितलं, दिवा लागायच्या आधीच सीटखालची थरथर बदलली होती. मोठ्या पंख्याचा गिअर अडकला तर हेलिकॉप्टर तरंगत खाली येत नाही, पडतं. पुढं विमानतळ होता, पण मधे मांडवी आणि झुवारीची तोंडं, सगळं पाणी. अर्ध्या वाटेच्या अलीकडे जो पहिला सपाट कातळ दिसला तिथं तो उतरला. तो कातळ आपल्या गावचा आहे हे त्याला दिसलं होतंच. "मग काय, आपलो गाव म्हणान पुढें वचान दर्यांत पडू?" असं त्यानं मला विचारलं.

पण त्या घटकेला त्याचं कोण ऐकणार? गावकारांनी हेलिकॉप्टरच्या नाकाला झेंडूचा हार घातला. आईनं पुढं होऊन आरती ओवाळली. भाईनं टोपी काढली, वाकला, तिच्या पाया पडला. आईपुढं मुलगा वाकला, ह्यात काय गुन्हा होता? पुढं चौकशीत हेसुद्धा त्याच्या विरुद्ध मोजलं गेलं.

तो लगेच पेडण्याला गेला, पोलीस ठाण्यातून वरिष्ठांना फोन करायला. जाताना गावकारांना बजावून गेला, "कोणी कशाक हात लावू नकात." कशाला म्हणजे कशालाच. गावानं हेलिकॉप्टरला हात लावला नाही. गावानं फक्त आपल्या मते जागा नीटनेटकी केली. पोरं चुन्याच्या बाल्द्या घेऊन आली आणि जिथं हेलिकॉप्टर उभं होतं तिथं त्याच्या चारी बाजूंनी नवं, सुबक, पांढरं वर्तुळ काढलं. जुनं वर्तुळ पाण्यानं धुऊन काढलं, कारण गावकार म्हणाले, दोन दोन बरीं दिसनात. बांबूही उपटून इकडे आणून पुरले. सरदारजी हात हलवून ओरडत होते, पण त्यांना लोकांनी शहाळं दिलं आणि बसवलं.

भाई परत आला, त्यानं ते बघितलं आणि विचारलं, "हें कोणें केलां?"

"गावान," गावकार म्हणाले. फुललेला चेहरा. "आता शोभता."

मी त्याचा चेहरा तेव्हा पाहिला. आयुष्यभर मी त्याला असा पाहिला नव्हता. मला वाटलं तो आता ओरडेल, शिव्या देईल. मला तेव्हा तेच हवं होतं. तो फक्त म्हणाला, "गावकारांनू, तुमी माका मारलात." गावकार हसले. त्यांना वाटलं तो लाडानं बोलतोय.

मग फौजेचे तिघे अधिकारी चौकशीला आले. देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. त्यांनी जे पाहिलं ते असं होतं: तळावर सांगितलेल्या वाटेवरून जाणारं सरकारी हेलिकॉप्टर, विमानतळ पुढं असताना, चालकाच्या स्वतःच्या गावात, जत्रेच्या आठवड्यात, चुन्याच्या वर्तुळाच्या अगदी मधोमध उभं. कमान, बँड, हार. गिअरबॉक्सच्या तेलात कीस सापडला, पण थोडा. इतका थोडा की त्यांच्याबरोबर आलेला एक मेकॅनिक म्हणाला हे बिघाडाचं लक्षण, आणि दुसरा म्हणाला एवढा नेहमीच असतो. अशा वेळी माणसं काय सांगतात ह्यावर सगळं येऊन ठेपतं.

गावकारांना पहिलं बोलावलं. त्यांचं हिंदी उत्तम होतं, मुंबईचं. त्यामुळे समजुतीचा घोटाळा झाला असं कुणी मला सांगू नये. अधिकाऱ्यानं विचारलं, हेलिकॉप्टर येणार हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का? गावकार म्हणाले, "हां साब, पहले से मालूम था." कसं ठाऊक? "हमने बुलाया. देव ने लाया." चालकाला तुम्ही हे सांगितलं होतं? "हर साल बोलते थे. इस साल आया." मागे बसलेल्या गावानं माना डोलावल्या. कुणी तरी "होय म्हाराजा" सुद्धा म्हणालं.

मी उठून म्हटलं, वर्तुळ आधी दुसरीकडे होतं, ह्यांनी नंतर हलवलं. अधिकाऱ्यानं गावकारांकडे पाहिलं. गावकार म्हणाले, "बहन है साब." एवढंच. आणि सगळा गाव गप्प बसला. ज्या पोरांनी बाल्द्या वाहिल्या होत्या ती पोरं खांबाला टेकून उभी होती. त्यातली दोन माझ्या मावशीची.

मग आईला बोलावलं. तिनं कधी खोटं बोलून पाहिलेलं नव्हतं. मुलानं ह्या फेरीबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. तो इथं उतरावा असं तुम्हाला वाटत होतं का? "आवयक वाटाचा नाय?" ती म्हणाली. अधिकारी म्हातारीशी सौम्यपणे बोलला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई गावकारांच्या पडवीत गेला. मी मागोमाग गेले, मला एकटं सोडवेना त्याला. अधिकारी अजून गावात होते, दुपारी निघणार होते. भाई हात जोडून म्हणाला, "गावकारांनू, एकच सांगा तांका. यंत्र बिघडला म्हणान तो उतारलो. माझो जन्म गेलो ह्या कामांत. तुमच्या एका शब्दार माझा सगळा आसा."

गावकार सुपारी कातरत होते. "आणि कौल? तो खोटो? फट?"

"फट कित्याक? देवानच उतरयलो म्हणा. माझी ना नाय. पण यंत्र बिघडवन उतरयलो, इतक्यां म्हणा. देवाचाय खरां आणि माझाय खरां."

मला वाटलं, आता तरी हा माणूस वितळेल. इतका सरळ मार्ग काढून दिला होता भाईनं. देव राहत होता, गाव राहत होता, तोही राहत होता. गावकारांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "आमचो देव कोणाची यंत्रां मोडीत नाय."

भाई उठला. उंबऱ्यावर मी म्हटलं, "तुमच्या घरात कुणी असं वर जाऊन पोट भरत असतं, तर बोलला असता का हे?" गावकारांची बायको आतून म्हणाली, "चेडवान इतक्या मोठ्यान उलवचा नाय." मुलीनं म्हणे मोठ्यानं बोलू नये! आमच्या घरात मोठ्यानं बोलण्याचं कारण काय होतं ते तिला ठाऊक होतं.

भाईला फाशी झाली नाही, तुरुंग झाला नाही. त्याचं उडणं बंद झालं. एका गोदामात टायर आणि ताडपत्र्या मोजायला बसवलं. सरदारजींचीही बदली झाली, कारण ते शेवटपर्यंत भाईच्या बाजूनं बोलले. काही वर्षांनी भाई नोकरी सोडून गावी आला, वडिलांची काजूची बाग बघू लागला. कधी वरून हेलिकॉप्टर गेलं तर तो मान वर करत नसे. पायाखालच्या कातळावर तळवा टेकवायचा आणि म्हणायचा, "ल्हान आसा. आमचा न्हय."

आणि गावानं काय करावं? गावानं त्याचा दर जत्रेला सत्कार केला. शाल आणि नारळ. ध्वनिक्षेपकावरून गावकार सांगायचे, रवळनाथाच्या कौलानं ज्याचं विमान आभाळातून उतरलं तो हा आपला विमानकार. आणि तो उठायचा, शाल घ्यायचा, देवाला नमस्कार करून खाली बसायचा. मला वाटायचं ती शाल ओढून चुलीत घालावी. एकदा मी त्याला तोंडावर म्हटलं, "तुला लाज कशी वाटत नाही? ज्यांनी तुला खाली पाडलं त्यांच्या हातचा नारळ घेतोस?" त्यानं पुढच्या रांगेत बसलेल्या आईकडे बोट दाखवलं. ती हात जोडून, डोळे मिटून बसली होती. "तिका वाटता, देवान तिचा आयकलां. आता मी कशाक सांगू, देवान आयकलां नाय, तूच माझ्या विरुद्ध साक्ष दिलस?"

पण मला त्याचा राग आला, आणि मी तो आला नाही असं सांगणार नाही. एखाद्यानं इतकं चांगलं असू नये. अशा चांगुलपणावर गावकार पोसतात.

आई गेली तेव्हा मी पुन्हा म्हटलं, आता तरी बोल. तो बागेत काजूची बोंडं वेचत होता. "आता कोणाक?" म्हणाला. "सरदारजी गेलो. ते साब खंय आसत कोण जाणा. गावाक तर पयलेपासून खबर आसा." हे सगळ्यात वाईट होतं. गावाला ठाऊक होतं. कुणी फसलं नव्हतं, कुणाचा गैरसमज नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी बोलत नाही तेव्हा ती बोलणारा वेड्यासारखा दिसतो.

भाई गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी गेला. झोपेत गेला, त्रास झाला नाही. तेराव्याला गावकार काठी टेकत आले. आता ते फार म्हातारे झालेत, मोतीबिंदू झालाय, धोतर मात्र तसंच. त्यांनी मला सांगितलं, सड्यावर दगड उभा करायचा ठरलंय. त्यावर लिहायचं, रवळनाथाच्या कौलानं ह्या जागी विमान उतरलं. विमानकाराचं नाव खाली. फीत कापायला बहिणीनं यावं.

मी गेले. जत्रेच्या आदल्या दिवशी होतं ते. सगळा गाव जमला होता, शाळेची मुलं, पंच, मावशीचे ते दोन मुलगे, आता पोटं सुटलेले. माझ्या हातात कात्री दिली, खांद्यावर शाल घातली. मी कात्री खाली ठेवली आणि बोलले. आयुष्यभर वर्गात बोलले, माझा आवाज पोहोचतो. म्हटलं, माझा भाऊ कौलानं उतरला नाही. यंत्र बिघडलं म्हणून उतरला. तो ह्या जागी उतरला आणि वर्तुळ त्या पलीकडे होतं, ते तुम्ही हलवलंत. तुम्हाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही चौकशीत गप्प बसलात आणि त्याचं आकाश काढून घेतलंत.

मला वाटलं, आता दगड येतील, निदान शिव्या तरी. माझी तयारी होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावकार खुर्चीत बसले होते. ते मान हलवत, अगदी मायेनं म्हणाले, "अगो बाय, मग तांतूत रागार जावंक कित्यां आसा? यंत्र बिघडला, तरी उतरयलो देवानच मगो? नायतर दर्यांत पडलो असतो."

"होय म्हाराजा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायकांनी हात जोडले. सगळ्यांना ते चटकन पटलं. कुणालाही त्यात काही अडचण वाटली नाही.

मी म्हटलं, "हेच. हेच तो तुमच्या पडवीत हात जोडून मागत होता. हेच वाक्य. तेव्हा का नाही म्हणालात?"

गावकारांनी जरा आठवून पाहिलं. मोतीबिंदूचे डोळे मिचकावले. त्यांना खरंच आठवत होतं, आणि ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

"तेव्हा कशां म्हणतलो, बाय?" ते म्हणाले. "जत्रेच्यो पत्रिका छापून झाल्लेल्यो."